माझ्या पाठीवरचा काळा कोट

साल दोन हजार एक. रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी होऊन अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि शहर नुसतं उधाणलं होतं. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय बसलं होतं, भिंतीभिंतीवर नव्या पाट्या रंगत होत्या, आणि ज्या रस्त्याने काल म्हशी जात होत्या त्याच रस्त्याने आज लाल दिव्याच्या गाड्या पळत होत्या. त्या वर्षी, एप्रिल महिन्यातल्या एका रविवारी, भर बाजारात माझ्या पाठीवर एक काळा कोट पडला. ती हकीकत सांगायला लागले की आजही माझे कान ताठ उभे राहतात!

मित्रांनो, मी एक म्हातारी गाढवीण आहे. हसा, खुशाल हसा. आमच्या जातीला हसं सोसायची सवय आहे. तुमच्यातला कोणी गणितात नापास झाला की त्याला माझं नाव देतात; कोणी लवकर रागावला नाही तरीही माझंच नाव देतात. पण गोष्ट शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म कुंभारांच्या पाऱ्यात, म्हणजे कुंभारांच्या वस्तीत झाला. डोळे उघडले तेव्हा समोर भाजलेल्या माठांची रांग होती आणि आव्यातून धूर निघत होता. आईच्या मागे मागे मी तलावावर जायची. तिच्या पाठीवर मातीची गोणी असायची, माझ्या पाठीवर ऊन. मी जरा मोठी झाले आणि उन्हाच्या जागी गोणी आली. माझी मालकीण शांताबाई. विदर्भातून लग्न करून ती रायपूरला आली, नवरा लवकर गेला, आणि तिच्याजवळ एक चाक आणि मी एवढं उरलं. माझ्या अंगाचा रंग राखाडी, म्हणून तिने मला भुरी म्हटलं. दिवसभराचं काम झालं की ती माझ्या मानेवर थाप मारायची आणि म्हणायची, "शानी हायेस व तू." हीच माझी आयुष्यभराची शाबासकी. मला ती पुरायची.

राजधानी झाली तसं माझं काम बदललं. माती सोडून मी विटा वाहू लागले. शंकर नगरात आज जे बंगले दिसतात, त्यांतल्या काहींच्या विटा माझ्या पाठीवरून गेल्या आहेत. बंगल्यांची वास्तुशांत झाली तेव्हा मला कोणी बोलावलं नाही, पण ते जाऊ द्या. पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली आली. माझ्या दिवसभराच्या विटा ती एका फेरीत नेऊ लागली आणि मी दावणीला बांधलेली, माशा उडवत उभी राहू लागले. रिकामी पाठ फार जड असते, मित्रांनो.

अशा दिवसांत एकदा पूर्णिमाबाई माठ घ्यायला आल्या. स्टेशनकडच्या रेल्वे वस्तीत मराठी ख्रिस्ती लोकांचं एक छोटं चर्च होतं, तिथे त्या मुलांना दर रविवारी बायबलातल्या गोष्टी शिकवायच्या. माठ बोटाने वाजवून बघता बघता त्यांची नजर माझ्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"शांताबाई, येत्या रविवारी तुमची भुरी द्याल काय आमाले?"

"काहून जी? माती वाहाची हाये काय?"

"नाही हो. झावळ्यांचा रविवार आहे, ईस्टरच्या आधीचा. आमची मिरवणूक निघते. तिच्यावर येशूला बसवायचं आहे."

शांताबाईच्या हातातला ओला माठ चाकावरच बसकला. "अवं माय! असं काय केलं तुमच्या देवानं, का त्याची धिंड काढून राहिले?"

पूर्णिमाबाई पोट धरून हसल्या. मग त्या शेजारच्या पाटावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. राजा येणार म्हणून सगळं गाव वाटेकडे डोळे लावून बसलं होतं. घोडा येईल, तलवार येईल, शिपाई येतील. आणि तो आला तो गाढवावर, तेही मागून आणलेल्या. लोकांनी अंगावरचे कपडे काढून वाटेवर पसरले आणि झाडांच्या फांद्या हलवल्या. घोडा लढाईचा, गाढव कष्टाचं. राजाने कष्टाचं जनावर निवडलं.

शांताबाईने बसकलेल्या मातीचा गोळा पुन्हा चाकावर थापला. मग म्हणाली, "राजा असून गाढवावर? मंग तो देव माह्या ओळखीचा वाटते. घेऊन जा जी. पन पानी पाजाल वेळेवर."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शनिवारी दुपारी शांताबाईने मला तलावावर नेऊन घासलं, खुरांना तेल लावलं, आणि आम्ही दोघी चर्चच्या अंगणात हजर झालो. अंगणात छिंदाच्या हिरव्यागार झावळ्यांचा ढीग पडला होता. तुम्ही त्या झाडाला शिंदी म्हणत असाल, आमच्याकडे छिंद म्हणतात. मी एक पान चाखून पाहिलं. फार काटेरी निघालं.

तेवढ्यात गार्डसाहेब आले.

त्यांचं नाव चारुदत्त. रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि आता चर्चच्या पंचकमिटीचे प्रमुख होते. पूर्णिमाबाई त्यांच्या सूनबाई. एप्रिलचं ऊन असो की मे महिन्याचं, गार्डसाहेब चर्चमध्ये काळ्या कोटाशिवाय येत नसत. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी शिवून दिलेल्या कोटाच्या मापाचा हा कितवा तरी कोट होता. मला पाहताच त्यांचा चेहरा त्या कोटासारखा झाला.

"हे काय आहे?"

"गाढव आहे, बाबा," पूर्णिमाबाई म्हणाल्या.

"दिसून राहिलं मले. इथं काहून आहे?"

"नीलेश येशू होणार आहे ना उद्या. त्याला बसायला."

नीलेश म्हणजे पूर्णिमाबाईंचा मुलगा. नववीत होता, अंगाने काडी. तो पायरीवर बसून पांढरा झगा मापून बघत होता. तो लगेच म्हणाला, "मम्मी, मैं नहीं बैठूँगा इस पर. पूरा स्कूल देखेगा. सोमवार को सब मेरे सामने ढेंचू-ढेंचू करेंगे."

"ऐकलं?" गार्डसाहेब म्हणाले. "या वर्षी आपण पहिल्यांदा बाजाराच्या रस्त्याने जाऊन राहिलो. मंत्रालयातले साहेब येणार आहेत पाहायला. राजधानी आहे आता ही. मी घोडी सांगितली आहे, लग्नातली, सजवलेली. बँडपण सांगितला."

"बाबा, प्रभू घोडीवर नव्हता आला."

"तेव्हा रायपूर राजधानी नव्हती!"

यावर पूर्णिमाबाईंना हसू आलं, पण गार्डसाहेबांना नाही. ते एकदम खालच्या आवाजात बोलले. "माझ्या घरातलं पोट्टं गाढवावर बसणार नाही. कोणीच बसणार नाही. झालं."

चर्चचे धर्मगुरू गंगाधर पाळक नुकतेच बदलून आले होते. ते मध्ये काही बोलायला गेले, पण गार्डसाहेबांपुढे त्यांचं काही चाललं नाही. शेवटी असं ठरलं की, गाढव आणलंच आहे तर सगळ्यात मागे चालेल आणि लोकांसाठी पाण्याचे माठ वाहील. शांताबाई माझ्या कानात म्हणाली, "पाह्य भुरे, देवाच्या वरातीतबी आपल्याले बोजाच."

उन्हं कलली. सगळे घरी गेले. शांताबाई माठ आणायला गेली आणि मी जांभळाच्या झाडाला बांधलेली एकटी उभी राहिले. तेव्हा गार्डसाहेब परत आले. हातात पाण्याची बादली होती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि मी पिऊ लागले तसे ते बोलू लागले. माणसं जनावराशी जे बोलतात ते घरात बोलत नाहीत, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे.

"तुझ्यावर राग नाही माझा," ते म्हणाले. "माझ्या आजाला गावानं गाढवावर बसवलं होतं. नवा ख्रिस्ती झाला होता तो. सगळी माणसं एका बापाची लेकरं आहेत, असं शिकला आणि सगळ्यांच्या विहिरीवर पाणी भरायला गेला. त्याला उलटं बसवलं. तोंड शेपटीकडे. गळ्यात जोड्यांची माळ. आख्खं गाव मागं नाचत होतं, वाजा वाजत होता. माझ्या बापानं हे मला एकदाच सांगितलं आणि मग मरेपर्यंत त्या गावचं नाव घेतलं नाही. रेल्वेत लागला, कोट शिवला, ताठ मानेनं जगला. आता त्याच जनावरावर मी माझा नातू बसवू? सांग."

मी काय सांगणार? मला बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, गार्डसाहेब, आमच्या पाठीला मान आणि अपमान कळत नाहीत, आम्हाला फक्त वजन कळतं. तुमच्या आजाला ज्या माझ्या पणजीने वाहून नेलं असेल, तिने त्याला जपूनच नेलं असणार. पण मी नुसती बादलीतून तोंड वर काढलं आणि माझ्या ओठांचं पाणी त्यांच्या कोटावर उडालं. त्यांनी ते पुसलं नाही.

रविवार उजाडला! काय ती गर्दी, काय तो गलका! पोरांच्या हातात झावळ्या, बायकांच्या अंगावर पांढऱ्या साड्या, आणि सगळ्यात पुढे घोडी. तिच्या कपाळावर मोत्यांच्या लडी, पाठीवर जरीची झूल, पायांत घुंगरू. मी तिच्याकडे बघतच राहिले. घोडीवाला आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "दूल्हा किधर है, साहब?"

"दूल्हा नहीं," पूर्णिमाबाई गार्डसाहेबांकडे न बघता म्हणाल्या, "राजा है."

नीलेश झगा सावरत घोडीवर चढला. आम्ही निघालो. बँडवाल्यांना गंगाधर पाळकांनी भजनाची एक संथ चाल शिकवली होती आणि गल्लीत त्यांनी ती बरी वाजवली. "होसान्ना! होसान्ना!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मी मागे, दोन्ही बाजूंना माठ, आणि शेजारी शांताबाई, तिच्याही हातात कोणीतरी दिलेली झावळी. माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पुढे काय आणि मागे काय, वरात तर माझीही होती!

आणि मग बाजाराचा चौक आला.

मित्रांनो, बँडवाल्यांची एक सवय असते. चौक आला की थांबायचं आणि दणक्यात वाजवायचं. ती काही त्यांच्या मनात नसते, हातांत असते. भजन कुठल्या कुठे गेलं आणि ढोल-ताशांवर वरातीचं गाणं कडाडलं. आणि घोडीची सवय? चौक आला, ढोल वाजला की नाचायचं! ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. घुंगरू छमछमले. दुकानांतून लोक धावले, त्यांना वाटलं लग्नच आहे. कोणीतरी नोट फिरवली, दोघंतिघं कमरेला रुमाल बांधून नाचायला लागले, आणि वर पांढऱ्या झग्यातला नीलेश घोडीच्या मानेला मिठी मारून किंचाळत होता, "रोको! अरे, रोको इसको!"

घोडीवाला मोठ्या कौतुकाने म्हणाला, "डरो मत भैया, अभी तो ये बैठ के भी दिखाएगी."

आणि घोडी खरंच गुडघ्यांवर बसली. नीलेश तिच्या मानेवरून घसरून सरळ रस्त्यावर आला. झगा फाटला. चौकात हशा उसळला, असा की पुरानी बस्तीपर्यंत ऐकू गेला असेल. नीलेशला लागलं नव्हतं, पण त्याची मान खाली गेली आणि ती वर येईना. "मैं घर जा रहा हूँ," तो म्हणाला. बँड थांबला. झावळ्या खाली आल्या. मागे गाड्या अडल्या आणि त्यांत एक लाल दिव्याची गाडी होती. तिचा ड्रायव्हर सारखा भोंगा वाजवत होता.

गार्डसाहेब चौकाच्या मधोमध उभे होते. घामाने कोट अंगाला चिकटला होता. त्यांनी हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं. वाजा, नाच, हशा, आणि मध्ये त्यांच्या घरातलं एक माणूस मान खाली घालून. मला वाटतं, त्यांना त्या क्षणी ते जुनं गाव दिसलं. घोडी आणली, बँड आणला, तरी तेच दिसलं.

मग ते वळले आणि गर्दीतून वाट काढत मागे, सगळ्यात मागे, माझ्यापाशी आले. माझे कान उभे राहिले.

"शांताबाई, माठ उतरवा."

"काहून जी? पानी देऊ काय?"

"माठ उतरवा, बाई."

दोघांनी मिळून माठ उतरवले. गार्डसाहेबांनी कोटाची बटणं सोडली. पूर्णिमाबाईंनी सासऱ्यांना बिनकोटाचं बाहेर कधी पाहिलं नव्हतं. त्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. गार्डसाहेबांनी तो काळा कोट झटकला आणि माझ्या पाठीवर पसरला, नीट, सुरकुत्या काढून, जसा सणाला पलंगपोस पसरतात. मग पायांतले बूट काढले. माझी दोरी हातात घेतली आणि मला चौकाच्या मधोमध नेलं. एप्रिलचं डांबर, त्यावर ते अनवाणी पाय!

नीलेशपुढे ते थांबले. आवाज मोठा नव्हता, पण चौक एवढा शांत झाला होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

"नीलेश, माझ्या आजाला असंच एका गाढवावर उलटं बसवलं होतं. प्रभूचं नाव घेतलं म्हणून. लोक हसले होते. ती लाज मी आजपर्यंत या कोटाखाली लपवून ठेवली. आज त्याचा पणतू सरळ बसेल."

खरं तर नीलेश त्यांच्या आजाचा खापरपणतू, पण त्या वेळी नाती कोण मोजतो!

नीलेशने मान वर केली. "और लोग हँसेंगे तो, दादाजी?"

"हसू दे. मी दोरी धरली आहे ना."

तो बसला. पिसासारखा हलका होता. फाटक्या झग्यातला तो पोरगा माझ्या पाठीवर सरळ बसला आणि मी पाऊल उचललं. मित्रांनो, विटांच्या ओझ्याने माझी पाठ कधी थरथरली नाही, त्या दिवशी थरथरली. मग शांताबाईने, जी चर्चमध्ये कधी गेली नव्हती, तिने हातातली झावळी डोक्यावर धरली आणि ओरडली, "होसान्ना जी! बोला ना, गप काहून झाले?"

आणि मग जो काही कल्लोळ झाला! झावळ्यांचं रान उठलं. बायकांनी पदर पसरले, पोरांनी शर्ट काढून रस्त्यावर टाकले. मघाशी हसणारे दुकानदार बाजूला झाले, एकाने तर नळी लावून माझ्या आणि गार्डसाहेबांच्या वाटेवर पाणी मारलं, पाय भाजू नयेत म्हणून. बँडवाल्यांना लाज वाटली असावी. त्यांनी भजनाची ती संथ चाल इतकी सुंदर वाजवली की मलाही ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेच! सूर चुकला असेल, पण मन लावून ओरडले.

लाल दिव्याच्या गाडीला वाट मिळेना. शेवटी आतले साहेब उतरले आणि लोकांबरोबर पायी चालू लागले. गार्डसाहेबांनी त्यांच्या स्वागतासाठी आठवडाभर भाषण पाठ केलं होतं. साहेब त्यांच्या शेजारून चालत होते आणि गार्डसाहेबांना ते दिसलेसुद्धा नाहीत. त्यांचं सगळं लक्ष माझी दोरी ढिली राहील, मला काच बसणार नाही, याकडे होतं.

चर्चच्या दारात गंगाधर पाळकांनी खिशातला कागद काढला आणि घडी न उघडता परत ठेवला. "नम्रतेवर प्रवचन लिहिलं होतं," ते म्हणाले. "ते चौकात होऊन गेलं. दुसऱ्याने आपली मान वाकवली तर तो अपमान असतो. आपण आपल्या हाताने कोट काढला तर ती नम्रता. आता सगळ्यांनी पाणी प्या, आणि आधी गाढविणीला पाजा."

आधी मला! माठातलं, शांताबाईच्या माठातलं गार पाणी!

मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. रस्त्याच्या कडेला एखादं गाढव उभं दिसलं, तर त्याला खडा मारू नका, उन्हाळ्यात घरासमोर एक पसरट भांडं पाण्याचं ठेवा, आणि त्याच्या शेपटीला डबा बांधू नका. एखाद्याला माझं नाव देऊन हिणवावंसं वाटलं, तर एवढं आठवा की एका राजाने माझ्या कुळातलं एक जनावर मागून घेतलं होतं.

त्या चौकातली घोडी पुढची काही वर्षं वरातीत नाचली, मग म्हातारी झाली, आणि घोडीवाल्याने तिला गावाकडे मोकळं सोडलं. गंगाधर पाळक बदलून नागपूरला गेले. तिथे ते झावळ्यांच्या रविवारी सगळ्यांना अनवाणी चालायला लावतात म्हणे. पूर्णिमाबाई अजून मुलांना गोष्टी शिकवतात, केस पांढरे झाले आहेत, हसणं तेच आहे. शांताबाईने चाक सोडलं, आता ती फक्त दिवाळीला पणत्या करते, आणि तिच्या चौकटीवर शेंदूर लावलेल्या देवाशेजारी दर वर्षीची छिंदाची एक वाळकी झावळी खोचलेली असते. नीलेश रायपूरजवळ सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात इंजिनीयर आहे. झावळ्यांच्या रविवारी तो रजा काढतो आणि माझी दोरी धरतो, बूट काढून. मी थकले तेव्हापासून पाठीवर कोणी बसत नाही, मी नुसती पुढे चालते.

गार्डसाहेब त्यानंतर आठ वर्षं जगले. गेले तेव्हा त्यांना साध्या पांढऱ्या सदऱ्यात मूठमाती दिली, कारण कोट घरात नव्हताच. चौकातून परतल्यावर शांताबाई तो धुऊन द्यायला गेली होती, तर ते म्हणाले होते, "ठेव बाई. हिवाळ्यात भुरीच्या पाठीवर घालत जा."

आत्ता माघ चालू आहे. कोट माझ्या पाठीवरच आहे.